सर्व्हरचं घर बदलताना

आमच्या डोंबिवलीच्या घरात टीव्हीच्या कपाटाखाली एक संगणक २०१४ पासून रात्रंदिवस चालू होता. २००९ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला. इंटेलचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि २ जीबी रॅम. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीला सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणं थांबवलं, तेव्हा त्यावर डेबियन लिनक्स ही मोफत प्रणाली चढवून मी त्याला घरचा सर्व्हर केलं. घरात त्याला सगळे ‘खालचा डबा’ म्हणत. सगळ्यांचे फोटो त्यात, घराच्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती त्यात, आणि बाबांनी कित्येक वर्षं गावोगाव जाऊन कॅसेटवर टिपलेली कीर्तनं त्यात. त्या कॅसेट आता वाजत नाहीत. म्हणजे त्यातली बहुतेक कीर्तनं फक्त त्या डब्यात होती.

गेल्या वर्षी तो डबा बदलला. या कामाबद्दल खूप लोक विचारतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कुठला मिनी पीसी घेऊ?’ असा असतो. माझ्या मते तो शेवटचा प्रश्न आहे. आधी आपण नेमकं काय हलवतो आहोत ते समजलं पाहिजे.

घरातला फोन फोटो ठेवायला कुणाकडे जातो? एका ठरावीक पत्त्याकडे. टीव्ही गाणी कुठून घेतो? त्याच पत्त्यावरून. लॅपटॉप दर रात्री आपली प्रत कुठे टाकतो? तिथेच. घरातल्या प्रत्येक यंत्राने त्या पत्त्याशी एक करार केलेला असतो: या पत्त्यावर, या नावाने, या पासवर्डने गेलं की अमुक मिळेल. हे सगळे करार मिळून सर्व्हर होतो. पत्र्याचा डबा त्यांचं सध्याचं घर, इतकंच. डबा बदलला तरी करार मोडता कामा नये, आणि करारांमागचा माल गहाळ होता कामा नये. बाकी सगळं तपशील.

घर बदलणारा माणूस नव्या जागेत पाणी येतंय, गॅस जोडलाय, दिवे लागतायत हे पाहिल्याशिवाय जुन्या जागेची किल्ली परत देत नाही. इथेही तेच करायचं. जुनं आणि नवं यंत्र काही दिवस शेजारी शेजारी चालू ठेवायचं.

बदलायची वेळ कशी ओळखायची

मी तीन गोष्टी पाहिल्या. पहिली वीज. बाजारात प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मिळतो, तो मध्ये घातला. डबा स्वस्थ बसलेला असतानाही ७० वॅट खात होता. दिवसाचे २४ तास, वर्षाचे ३६५ दिवस धरले तर ६१३ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण ५१. महावितरणच्या घरगुती बिलात युनिट वाढले की दराचा टप्पा वाढतो, त्यामुळे हे ५१ युनिट आपल्या बिलातल्या सर्वांत महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. तुमच्या बिलावरचा तो दर घ्या आणि गुणा. नवं यंत्र किती दिवसांत वसूल होतं ते लगेच कळतं.

दुसरी गोष्ट डिस्कची तब्येत. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःची एक नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ‘स्मार्टसीटीएल’ नावाची आज्ञा ती वही वाचून दाखवते. माझ्या डिस्कवर चालू असल्याचे तास होते ७४,०००. वर्षात ८,७६० तास असतात, म्हणजे ती जवळजवळ साडेआठ वर्षं फिरत होती. तासांपेक्षाही दोन आकडे महत्त्वाचे. डिस्कचा एखादा बारीक भाग, म्हणजे सेक्टर, खराब झाला की डिस्क त्याचं काम राखीव सेक्टरकडे सोपवते. अशा बदललेल्या सेक्टरांची संख्या हा एक आकडा. आणि ज्या सेक्टरातून नीट वाचता येत नाहीये पण अजून निकाल लागलेला नाही, अशा ताटकळलेल्या सेक्टरांची संख्या हा दुसरा. दोन्ही शून्य असावेत. पहिला आकडा थोडा असून महिनोन्महिने स्थिर असेल तर लक्ष ठेवावं. दुसरा वाढत असेल तर आजच प्रत काढावी.

तिसरी गोष्ट सॉफ्टवेअरची, आणि मला हलवलं ते तिने. माझा प्रोसेसर ६४ बिटचा होता, पण रॅम कमी म्हणून मी त्यावर ३२ बिटचं, म्हणजे कमी रॅममध्ये भागणाऱ्या जुन्या प्रकारचं, डेबियन बसवलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये नेहमीच्या ३२ बिट पीसीवर ते बसवायची सोयच काढून टाकली. म्हणजे पुढे जायचं तर सगळं नव्याने बसवणं आलंच. मग ते इतक्या जुन्या यंत्रावर कशाला?

डब्याचं झाकण उघडाल तेव्हा मदरबोर्डवर उभ्या असलेल्या छोट्या डब्यांसारख्या कपॅसिटरांकडेही पाहा. त्यांचा माथा सपाट असतो. फुगलेला दिसला किंवा तपकिरी द्रव सुकलेला दिसला, तर त्या बोर्डाचे दिवस भरत आलेत असं धरा.

जुनं यंत्र बंद करू नका

बहुतेक घोटाळे इथे होतात, म्हणून हे आधीच सांगतो. नवं यंत्र घरी आलं की पहिली ऊर्मी होते जुनं बंद करायची, धूळ पुसायची, डिस्क काढून नव्याला जोडायची. माल सुरक्षित नकलला जाईपर्यंत तसं करू नका. वर्षानुवर्षं फिरत असलेली डिस्क फिरत राहते. थंड झाली की पुन्हा सुरू होताना मोटारीला सर्वांत जास्त जोर लावावा लागतो आणि झिजलेली बेअरिंग तिथेच दगा देतात. पॉवर सप्लायचंही तसंच. आधी प्रत, मग बटण.

‘जुन्या डिस्कवर सगळं आहेच, ती उचलून नव्या पीसीत लावली तर?’ लिनक्समध्ये हे कधीकधी खरंच चालतं, कारण बहुतेक हार्डवेअर चालवणारे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, असतात. पण जुनी यंत्रं बायॉसच्या, म्हणजे बटण दाबल्यावर बोर्डावर सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या, पद्धतीने सुरू होतात, नवी यूईएफआयच्या, आणि बऱ्याच नव्या बोर्डांत जुन्या पद्धतीची सोयच ठेवलेली नसते. शिवाय बायॉसच्या काळातला एमबीआर नावाचा डिस्कचा नकाशा २ टेराबाइटच्या पुढे मोजूच शकत नाही. आणि यंत्र सुरू झालं तरी अकरा वर्षांचं साचलेलं सगळं तसंच सोबत येतं. माझा कौल स्पष्ट आहे: नव्या यंत्रावर ताजी प्रणाली, आणि माल नेटवर्कवरून.

पस्तीस तास

तर माल. माझ्याकडे १.४ टेराबाइट होता. जुन्या बोर्डाचं नेटवर्क पोर्ट १०० मेगाबिटचं. आठ बिटांचा एक बाइट, आणि थोडी जागा मालाभोवतीच्या वेष्टनातच जाते, म्हणून प्रत्यक्षात सेकंदाला ११ मेगाबाइट मिळतात. भागाकार केला तर ३५ तास. तेच पोर्ट गिगाबिटचं असतं तर सेकंदाला ११० मेगाबाइट, म्हणजे साडेतीन तास. ३५ तास ऐकून घाबरायला होतं, पण इथे आरसिंक नावाचं साधन कामाला येतं. ॲन्ड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस या दोघांनी ते १९९६ मध्ये प्रथम आणलं. ट्रिजेल म्हणजे विंडोजला लिनक्सवरच्या फाइली दाखवणारा साम्बा हा प्रोग्राम ज्यांनी प्रथम लिहिला तेच. घरच्या सर्व्हरांवर या माणसाचे उपकार मोठे आहेत.

आरसिंकची खुबी दुसऱ्या खेपेत दिसते. पहिल्या खेपेला ते सगळं नकलतं. दुसऱ्या खेपेला प्रत्येक फाइलचा आकार आणि बदलाची वेळ ताडून पाहतं आणि फरक पडलाय तेवढंच आणतं. म्हणून पहिली खेप चालू असताना घरचे सर्व्हर खुशाल वापरू शकतात. माझी शुक्रवारी रात्री सुरू झाली आणि रविवारी सकाळी संपली, मध्ये कुणाचं काही अडलं नाही. पुढच्या शनिवारी, प्रत्यक्ष अदलाबदलीच्या वेळी, शेवटची खेप सहा मिनिटांत झाली.

दोन सावधगिऱ्या. एक, मूळ ठिकाणी नाही ते गंतव्यावरून पुसून टाकणारा ‘डिलीट’ हा पर्याय आरसिंकला देता येतो. मूळ आणि गंतव्य उलटसुलट लिहिलं आणि हा पर्याय दिला, तर रिकामं यंत्र भरलेल्या यंत्राला रिकामं करतं. म्हणून प्रत्येक खेप आधी ‘ड्राय रन’ करावी. त्यात ते काहीही न करता काय करणार आहे ते नुसतं सांगतं. दुसरी, डिस्कवर ताटकळलेले सेक्टर असतील तर आरसिंक हे योग्य साधन नाही. ते एकाच खराब जागेवर पुन्हा पुन्हा आपटत राहील आणि तेवढ्यात डिस्क जाईल. अशा वेळी डीडीरेस्क्यू वापरावं. ते आधी जे सहज वाचता येतं ते सगळं बाहेर काढतं आणि अवघड जागा नंतरसाठी ठेवतं.

नक्कल झाली म्हणजे बरोबरच झाली असं नाही. मी दोन्हीकडच्या सगळ्या फाइलींची चेकसम काढली, म्हणजे फाइलीतल्या प्रत्येक बाइटवरून गणित करून मिळणारा ठसा. एक बिट बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. दोन्ही याद्या जुळल्या. तरीही त्या रविवारी संध्याकाळी बाबांना शेजारी बसवून नव्या यंत्रावरून पाच-सहा कीर्तनं मधूनमधून वाजवून पाहिली. ठसा जुळतो तेव्हा फाइल जशी होती तशीच आहे एवढंच कळतं. ती मुळात धड होती का, हे कानच सांगतो. एक ध्वनिमुद्रण मुळातच अर्ध्यावर तुटलेलं निघालं. ते एका जुन्या डीव्हीडीवर पूर्ण सापडलं. यंत्र बदलायला घेतलं नसतं तर ती डीव्हीडी कुणी बाहेर काढली नसती.

नावं, आकडे आणि ऱ

यानंतर येतात त्या अडचणी ज्या वेळेवर कळत नाहीत. पहिली मालकीची. लिनक्समध्ये फाइलीवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, क्रमांक लिहिलेला असतो. पहिला माणूस १०००, दुसरा १००१, असे. नाव कुठलं आणि क्रमांक कुठला याची यादी वेगळ्या फाइलीत असते. जुन्या यंत्रावर मी १००० होतो, पत्नी १००१. नव्या यंत्रावर खाती उघडताना क्रम उलटा झाला असता आणि नक्कल क्रमांकांनुसार झाली असती, तर तिची सगळी कागदपत्रं माझ्या नावावर आणि माझी तिच्या नावावर झाली असती; कुणालाच आपली फाइल उघडता आली नसती. म्हणून नक्कल करण्याआधी नव्या यंत्रावर खाती त्याच क्रमांकांनी उघडावीत.

दुसरी अडचण खास आपली आहे. फाइलींना मराठीत नावं देणाऱ्यांची. फाइली साठवण्याच्या लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट४ पद्धतीत फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. रोमन अक्षर एका बाइटात मावतं, देवनागरी चिन्हाला तीन लागतात. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना-मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. ‘गणेशोत्सव’ हा शब्द वाचताना पाच अक्षरांचा; साठवताना नऊ चिन्हांचा, म्हणजे २७ बाइटचा. हिशेबाने फाइलीचं नाव जास्तीत जास्त ८५ चिन्हांचं ठेवता येतं. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर मात्र २५५ चिन्हं चालतात. बाबांची सवय अशी की फाइलीच्या नावातच कीर्तनकार, गाव, तिथी आणि आख्यानाचा विषय लिहायचा. त्यांच्या विंडोजच्या एक्स्टर्नल डिस्कवरच्या १४ फाइली याच कारणाने नव्या सर्व्हरवर यायला तयार नव्हत्या. आरसिंक शेवटी त्रुटींची यादी देतं; ती शांतपणे वाचावी, वर सरकवून सोडून देऊ नये. नाव लहान करून पूर्ण तपशील सोबतच्या मजकूर-फाइलीत लिहिला. काही तयार नॅस यंत्रांत, म्हणजे नेटवर्कवर फाइली ठेवण्यासाठीच बनवलेल्या यंत्रांत, कुलूपबंद फोल्डर केला तर ही मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे देवनागरीची जेमतेम ४७ चिन्हं. मराठी नावांचा संग्रह असेल तर खरेदीआधी हे तपासा.

आणि ऱ. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, ‘दुसऱ्या’मधला ऱ दोन प्रकारे लिहिता येतो: एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा र आणि त्याखालचं टिंब (नुक्ता) अशी दोन चिन्हं मिळून. ॲपलच्या जुन्या मॅक संगणकांच्या डिस्कवर फाइलींची नावं दुसऱ्या प्रकाराने, सुटी करून, साठवली जात. लिनक्सला ही दोन वेगळी नावं वाटतात. परिणाम असा की अशा डिस्कवरून माल आणला तर ‘बाळाचा दुसऱ्या वर्षाचा वाढदिवस’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसतात, अक्षर न् अक्षर सारखे, आणि एकात अर्धे फोटो. माझ्या भावाच्या संग्रहात हे झालं तेव्हा आम्ही दोघं तासभर डोळे फाडून पाहत होतो. नावं एका पद्धतीत आणणारं ‘कॉन्व्हएमव्ही’ नावाचं साधन आहे, त्याने ते सुटलं.

चालू वहीची झेरॉक्स

साध्या फाइली नकलणं सोपं. डेटाबेसचं तसं नाही. फोटोंचे अल्बम, त्यांना दिलेली नावं, घरखर्चाच्या नोंदी हे सगळं डेटाबेसमध्ये असतं, आणि डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइलींवर सतत लिहिलं जात असतं. किराणा दुकानदार वहीत लिहीत असताना कुणी एकेक पान झेरॉक्स काढली तर जमेचं पान जुनं आणि खर्चाचं नवं असा प्रकार होईल. म्हणून डेटाबेसला स्वतःलाच सगळ्या नोंदी मजकुराच्या रूपात लिहून द्यायला सांगतात. त्याला डंप म्हणतात. तो डंप नव्या यंत्रावरच्या डेटाबेसला वाचायला द्यायचा. ३२ बिटहून ६४ बिटवर किंवा आवृत्ती बदलून जाताना तर दुसरा मार्ग धरूच नये; पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसच्या कच्च्या फाइली वेगळ्या मुख्य आवृत्तीला वाचताच येत नाहीत.

सेटिंग्जच्या बाबतीत मोह असतो तो जुना ‘एटसी’, म्हणजे लिनक्सच्या सेटिंग्जचा, फोल्डर उचलून नव्यावर टाकायचा. तसं करू नका. त्यात जुन्या डिस्कचे ओळख-क्रमांक असतात, जुन्या नेटवर्क पोर्टचं नाव असतं. पूर्वी पोर्टला सरळ ‘इथ शून्य’ म्हणत. २०१३ नंतर हळूहळू पोर्ट बोर्डावर कुठे बसलंय त्यावरून लांबलचक नाव देण्याची पद्धत आली. जुनं नाव नव्या यंत्रावर टाकलं की नेटवर्क उठतच नाही आणि सर्व्हरला मॉनिटर जोडायची पाळी येते. जुना फोल्डर बाजूला संदर्भासाठी ठेवा आणि एकेक गोष्ट वाचून, समजून नव्यात लिहा. याला मला दोन संध्याकाळी लागल्या. हमखास विसरतात ते साम्बाचे पासवर्ड, कारण ते लिनक्सच्या पासवर्डांपासून वेगळे ठेवलेले असतात. आणि क्रॉनची कामं, म्हणजे ‘रोज रात्री दोन वाजता हे कर’ अशा नेमून दिलेल्या गोष्टी. क्रॉन विसरलात तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. रात्रीच्या प्रती घेणं मात्र गुपचूप थांबतं, आणि ते कळतं ती प्रत हवी असते तेव्हा.

पत्त्याची अदलाबदल

आता करार. आमच्या घरात सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१० होता. नवं यंत्र मी आठवडाभर १९२.१६८.१.११ वर चालवलं. माझा लॅपटॉप आणि माझा फोन तेवढे त्याकडे वळवले आणि रोजचं सगळं त्यावर केलं. खरी तपासणी अशा वापरातच होते.

अदलाबदल करण्याआधी घरात पत्ते कोण वाटतं ते पाहायला हवं. फोन वायफायला जोडला गेला की तो ‘मला पत्ता द्या’ अशी हाक मारतो. जे यंत्र उत्तर देतं त्याला डीएचसीपी सर्व्हर म्हणतात. बहुतेक घरांत हे काम राउटर करतो, काही घरांत सर्व्हर. पत्ता कायमचा मिळत नाही, मुदतीने मिळतो, भाडेकरारासारखा. त्याच उत्तरात ‘वेबसाइटची नावं कुणाला विचारायची’ हेही सांगितलेलं असतं, म्हणजे डीएनएस. जाहिराती अडवण्यासाठी तुम्ही सर्व्हरवर पाय-होल नावाचा प्रोग्राम चालवत असाल तर हे विचारणं तुमच्या सर्व्हरकडे येतं. म्हणूनच सर्व्हर पाच मिनिटं बंद पडला तरी घरभर ‘नेट गेलं’ अशी हाकाटी होते. नेट गेलेलं नसतं, नुसता पत्ते सांगणारा गेलेला असतो.

यावरचा उपाय आदल्या दिवशी करायचा. भाडेकराराची मुदत २४ तासांवरून १० मिनिटांवर आणा. दुसऱ्या दिवशी, काम सुरू करण्याआधी, डीएनएस म्हणून राउटरचा पत्ता द्या. दहा-पंधरा मिनिटांत घरातली सगळी यंत्रं आपणहून तिकडे वळतात आणि तुम्ही सर्व्हरवर निवांत काम करू शकता. दोन डीएचसीपी सर्व्हर मात्र एकाच वेळी कधीही चालू ठेवू नका. दोघंही पत्ते वाटायला लागतात, कधी एकच पत्ता दोघांना जातो, आणि जो दोष दिसतो तो दर वेळी वेगळा असतो.

मी शनिवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, सगळ्यांना सांगून काम केलं. सेवा बंद केल्या, शेवटची आरसिंक खेप, डेटाबेसचा ताजा डंप. जुन्याला १९२.१६८.१.१२ दिला, नव्याला १९२.१६८.१.१०. टीव्हीला दोन मिनिटं नवं यंत्र सापडेना. याचं कारण साधं आहे: यंत्रं पत्त्यासोबत त्या पत्त्यावरच्या नेटवर्क कार्डाचा मॅक क्रमांकही थोडा वेळ लक्षात ठेवतात आणि जुन्याच कार्डाला हाका मारत राहतात. थांबलं की आपोआप सुटतं. लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा देण्याच्या सुरक्षित वाटेने, शिरताना मात्र मोठा इशारा येतो की या पत्त्यावरच्या यंत्राची ओळख बदलली आहे, कुणी तोतया असू शकतो. इथे यंत्र तुम्हीच बदललंय, म्हणून जुनी ओळख पुसून नवी मान्य करा. एरवी, काही बदललं नसताना, हा इशारा कधी आला तर पुढे जाऊ नका.

यंत्र कोणतं

शेवटचा प्रश्न आता. मी कार्यालयातून निघालेला, नूतनीकरण केलेला छोटा पीसी घेतला, इंटेलच्या सातव्या पिढीचा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं कार्यालयं काढून टाकतायत. लिनक्सला ती उत्तम चालतात, आणि कामात असलेलं यंत्र भंगारात न जाता आणखी काही वर्षं टिकतं याचं मला समाधान आहे. वॅटमीटरवर १२ वॅट दिसतात. महिन्याला ५१ युनिटांच्या जागी नऊ.

नवंच हवं असेल तर २०२३ मध्ये आलेल्या इंटेल एन१०० चे मिनी पीसी चांगले. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकही चालेल, पण चौथ्या पिढीपासून पुढचा. त्याआधीच्या पायमध्ये नेटवर्कचा माल यूएसबीच्या वाटेने जायचा आणि गिगाबिटचा पूर्ण वेग मिळत नसे. आणि सतत लिहिलं जाणारं काही एसडी कार्डावर ठेवू नका, ते झिजतं.

कुठलंही घ्या, बायॉसमध्ये जाऊन ‘वीज परत आल्यावर आपोआप सुरू हो’ हे सेटिंग लावा. आमच्याकडे पावसाळ्यात वीज रात्री-अपरात्री जाते. हे सेटिंग नसेल तर घरी कुणीतरी बटण दाबेपर्यंत सर्व्हर झोपून राहतो, आणि तुम्ही गावाला गेलेले असता.

नंतरचे तीन महिने

जुना डबा केबल काढून बाजूला ठेवला, पण लगेच मोडीत काढला नाही. कारण काही कामं महिन्यातून एकदाच होतात. बाहेरून शिरण्यासाठी लेट्स एन्क्रिप्टचं, म्हणजे जोडणी सुरक्षित करणारं मोफत, प्रमाणपत्र वापरत असाल तर त्याची मुदत ९० दिवस असते. नूतनीकरणाचं काम नव्या यंत्रावर लावायला विसरलात तर ते कधीतरी त्या मुदतीतच उघडं पडतं. म्हणून मी तीन महिने मोजले. त्या काळात एकदा मुद्दाम प्रतीतून एक पूर्ण फोल्डर परत आणून पाहिला. परत आणून न पाहिलेल्या प्रतीवर मी विसंबत नाही.

तीन महिने झाल्यावर जुन्या यंत्रातली बूट डिस्क, म्हणजे प्रणाली ज्यावर होती ती छोटी डिस्क, पूर्ण पुसली. त्यावर घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड होते. नुसतं फॉरमॅट करून ते जात नाहीत, संपूर्ण डिस्कवर एकदा नवं लिहावं लागतं. मग डबा नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात दिला. मोठी डिस्क, ७४,००० तासांची, एकटीने भार वाहण्याच्या वयाची नाही, पण तिसरी प्रत म्हणून चालते. तिच्यावर सगळी कीर्तनं आहेत. ती सांगलीला भावाच्या कपाटात असते; दर दिवाळीला तो ती घेऊन येतो, आम्ही जोडतो, नवीन भर घालतो, चेकसम ताडतो, आणि डिस्कवरच्या चिकटपट्टीवर बाबा आपल्या अक्षरात तारीख लिहितात.